भांडण नाही, तर खर्च कशाचा?

धुळ्याहून शिरपूरच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर सोनगीर येतं. वर किल्ला, पायथ्याला गाव आणि गावात तांब्या-पितळेची भांडी. लेकीच्या लग्नातला हंडा, कळशी, परात, समई सोनगीरहून आणायची, ही या भागातली जुनी रीत. भांडं वजनावर घ्यायचं, भावात घासाघीस करायची आणि सगळं जमलं की दुकानदार विचारतो, "नाव काय टाकू?" मग कोरायचं यंत्र टर्रर्र करत फिरतं आणि परातीच्या काठावर मजकूर उमटतो: 'चि. सौ. कां. अमुक हिस मामांकडून सप्रेम भेट.' पुढे लग्नाचं काहीही होवो, परात मामांच्या नावासकट तशीच राहते.

त्यामुळे एकमताने वेगळं व्हायचं ठरवलेलं जोडपं वकिलाकडे गेलं की टेबलावर पहिला पेच पडतो तो भांड्यांचा. पोटगीचा आकडा दोघांनी आधीच ठरवलेला असतो. मुलगा कुणाकडे राहणार, हेही ठरलेलं असतं. दोघांचंही म्हणणं एवढंच, की आमचं काही म्हणणं नाही. म्हणणं असतं ते खुर्चीमागे उभ्या असलेल्या पाच जणांचं. मुलाची आत्या सांगते, मोठी कळशी माझी आहे, नाव बघा. नाव बघायला कळशी हवी, आणि ती दोंडाईच्याला एका बारशाला गेलेली असते. कायद्याचं उत्तर सरळ आहे. स्त्रीधन बायकोचं, नवऱ्याच्या घरात ते असलं तरी तो त्याचा फार तर राखणदार, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगून टाकलं. पण आत्या सर्वोच्च न्यायालयाला मोजत नाही. वकील शेवटी करारनाम्यात 'उभयतांनी आपापल्या वस्तू समजून घेतल्या असून कोणतीही तक्रार राहिलेली नाही' असं एक वाक्य घालतो आणि या वाक्यापायी एक आख्खी दुपार खर्ची पडते.

कायदा स्वतः फार कमी मागतो. हिंदू विवाह कायदा, कलम १३-ब. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं, एकत्र नांदणं शक्य नसावं आणि लग्न संपवायचं दोघांनी मिळून ठरवलेलं असावं. बस्स. कुणी कुणाला मारलं, कोण कुठे राहिलं, भाजीत मीठ किती होतं, यातलं काही सिद्ध करायचं नाही. अर्जात प्रतिवादी नसतो. अर्जदार क्रमांक १ आणि अर्जदार क्रमांक २. (एक नंबर कुणाचा, यावरही मागचे पाच जण बोलतात.) आणि वर्षभर वेगळं राहायचं म्हणजे वेगळी खोली भाड्याने घ्यायलाच हवी असंही नाही. १९९१ च्या सुरेश्टा देवी खटल्यात न्यायालयाने म्हटलं, की वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. छप्पर एकच असलं तरी चालेल. ज्या घरात भावाभावांच्या चुली एका ओट्यावर वेगळ्या होतात, तिथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

१९५५ च्या मूळ कायद्यात ही सोय नव्हती. घटस्फोट हवा तर दुसऱ्यावर काहीतरी लावावं लागे: व्यभिचार, वेड, महारोग, धर्मांतर. दोन बऱ्या माणसांना एकमेकांचं पटत नाही, एवढ्याने भागत नसे. निदान एकाने तरी कागदोपत्री वाईट व्हायला हवं. १३-ब आलं १९७६ साली. गरिबाला मोफत कायदेशीर मदत द्यावी, हे सांगणारा संविधानातला अनुच्छेद ३९-क सुद्धा त्याच वर्षीच्या ४२व्या दुरुस्तीने आला. म्हणजे देशात तोंड उघडायची चोरी होती त्या आणीबाणीच्या वर्षात नवरा-बायकोला एकमताने वेगळं व्हायची वाट मिळाली आणि त्या वाटेचं भाडं सरकारने भरायचं, हे तत्त्वही मान्य झालं. दोन्ही गोष्टी पन्नाशीला आल्या. त्यांची एकमेकींशी ओळख मात्र अजून व्हायची आहे.

तसा मराठी मुलूख या कामात मागे नव्हता. गोव्यात १९१० च्या पोर्तुगीज कायद्यात परस्पर संमतीचा घटस्फोट होता. अट एवढीच, की लग्नाला दोन वर्षं झालेली असावीत आणि दोघांनी पंचविशी ओलांडलेली असावी. बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ साली हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. धुळं तेव्हा पश्चिम खानदेशाचं ठाणं, मुंबई प्रांतात. त्या प्रांताने १९४७ सालीच हिंदू घटस्फोट कायदा केला, दिल्लीच्या आठ वर्षं आधी. आणि कायदा नव्हता तेव्हाही तडजोड होतीच. रखमाबाईंवर दादाजी भिकाजींनी १८८४ साली नांदायला येण्यासाठी दावा लावला. १८८७ साली कोर्टाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं फर्मावलं, तर बाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. विलायतेपर्यंत गाजलेलं हे प्रकरण अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर मिटलं. दादाजींनी पैसे घेतले आणि दुसरं लग्न केलं. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. चार वर्षांच्या कोर्टबाजीनंतर कामाला आली ती आपसातली पावती, ही गोष्ट खानदेशातल्या बैठकीतल्या माणसांना कुणी सांगू नये. ते लगेच म्हणतील, "मग आम्ही काय सांगत होतो?"

बैठक ही संस्थाच वेगळी. लग्न जमवायला बसते तीच मोडायलाही बसते, माणसंही तीच. बैठकीतला सगळ्यात वयस्कर माणूस पंचाहत्तरीच्या पुढचा असतो, कारण ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.त त्या वयाला तिकीट नाही. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणून आत्याही येते. पूर्ण तिकीट काढून येतो तो एकटा नवरा. तो बहुतेक सुरतेला कापडाच्या कारखान्यात असतो, भुसावळ-सुरत मार्गावरच्या नरडाणा स्टेशनावर उतरतो आणि दोन दिवसांचा रोज बुडवून येतो. शेवभाजी होते, कळण्याची भाकरी होते. हात धुऊन झाल्यावर मुद्दा निघतो. "दोन्हीस्नं जमत नही, मंग कोर्टले काय तरास देवाना?" असं कुणीतरी म्हणतं आणि कुणाला तरी बाँड आणायला पिटाळलं जातं.

बाँड म्हणजे मुद्रांक. त्यावर टाइप होतं: आम्ही उभयता राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, आजपासून एकमेकांपासून फारकत घेतली असून यापुढे एकमेकांच्या नावे बोंब मारणार नाही. खाली दोघांच्या सह्या, पंचांच्या सह्या, नोटरीचा गोल शिक्का, लाल सील. दिसायला हा कागद कोर्टाच्या हुकूमनाम्यापेक्षा भारदस्त दिसतो, कारण हुकूमनाम्यावर लाल सील आणि पंचांच्या एवढ्या सह्या नसतात. कायद्याने मात्र त्याची किंमत शून्य. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ (२) ने रूढीतली फारकत राखून ठेवली आहे हे खरं; पण अशी रूढी त्या समाजात आहे, जुनी आहे, अखंड चालत आलेली आहे, हे सांगणाऱ्याने कोर्टात सिद्ध करावं लागतं. २००२ साली यमनाजी जाधव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं. धुळे जिल्ह्यातल्या भिल्ल, पावरा अशा अनुसूचित जमातींची गोष्ट निराळी. त्यांना हा कायदा मुळात लागूच नाही, त्यांची रूढी हाच त्यांचा कायदा. बाकीच्यांनी बाँडवर विसंबून दुसरं लग्न केलं, तर कायद्याच्या दृष्टीने पहिलं शाबूत असतं आणि दुसऱ्यापायी भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ लागतं: सात वर्षांपर्यंत कैद. जातपंचायतीने दंड ठोकला, वाळीत टाकलं, तर २०१७ पासून लागू असलेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा पंचांनाच आत घालतो. हे ऐकलं की बैठकीतली मंडळी नोटरीचा शिक्का पुन्हा एकदा दाखवतात.

१८९९ च्या मुद्रांक कायद्याने घटस्फोटाच्या लेखाला एक रुपयाचा मुद्रांक लावला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्राने कितीतरी दस्तांसाठी शंभराऐवजी किमान पाचशेचा मुद्रांक केला. न चालणारी फारकतसुद्धा महाग झाली ती अशी.

आता खरा स्वस्त रस्ता. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १२ मध्ये कुणाला फुकट वकील मिळेल, याची यादी आहे: अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले, आपत्तीग्रस्त, कारखान्यातले कामगार, ठरावीक उत्पन्नाखालचे (महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला तीन लाख रुपये), आणि स्त्री. नुसतं 'स्त्री'. गरीब स्त्री, निराधार स्त्री असं काही नाही. दहा एकर बागायत असो, शाळेत कायम नोकरी असो, बाई म्हणून जन्माला आली की वकील मोफत. अर्ज साध्या कागदावर चालतो, लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलं तरी तिथला माणूस लिहून घेतो. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला, सगळं त्यात आलं. आणि नेमून दिलेल्या वकिलाने पक्षकाराकडून एक पैसाही घ्यायचा नाही, असा नियम. ऑफिस कुठे? धुळ्यात, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. फोन करायचा तर १५१००. शिवाय १ ऑक्टोबर १९९४ च्या शासकीय अधिसूचनेने घटस्फोट, पोटगी, मालमत्ता आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत महाराष्ट्रातल्या बायकांना कोर्ट फी तशीही माफ आहे.

इथे एक नाजूक पेच उभा राहतो. अर्ज एकच, अर्जदार दोन. क्रमांक २ वरच्या बाईला वकील फुकट. क्रमांक १ वरच्या नवऱ्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणायला लागतो. सुरतेतला पगार तीन लाखांवर जातो का, हे सहा वर्षांच्या संसारात बायकोला कळलं नव्हतं. ते या दाखल्याच्या निमित्ताने कळतं.

इतकं असून आवारात गर्दी असते ती झेरॉक्सवाल्याकडे. विधी सेवा प्राधिकरणाच्या दारात बाकावर जागा मिळते. कारण फुकट मिळतं ते बरं नसणार, हा खानदेशी शेतकऱ्याचा अनुभवसिद्ध संशय. फुकट बियाणं उगवत नाही, फुकट वीज रात्री दोनला येते, मग फुकट वकील तारखेला कशावरून उभा राहील? "कितला पैसा लागतीन?" हा त्याचा पहिला प्रश्न. काहीच नाही, म्हटलं की तो उठतो. या बाबतीत त्याला अगदीच वेड्यात काढता येत नाही. नेमलेला वकील कधी मन लावून काम करतो, कधी नुसती पुढची तारीख घेतो, आणि हे पैसे देऊन केलेल्या वकिलांबद्दलही तितकंच खरं आहे. फरक एवढाच, की पैसे दिलेल्या वकिलाला शिव्या देता येतात. त्या समाधानाचीही काहीतरी फी असायचीच.

तिसरी वाट लोकअदालतीची, असं पुष्कळांना वाटतं. तालुक्याच्या भिंतीवर फलक असतो: आपसातले वाद सामोपचाराने मिटवा, खर्च नाही, अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत. आपलं तर आधीच सामोपचाराने मिटलंय, म्हणून जोडपं उत्साहाने जातं. तिथे कळतं, की राष्ट्रीय लोकअदालतीच्या यादीत कौटुंबिक वाद आहेत, पण कंसात दोन शब्द आहेत: घटस्फोट वगळून. पोटगीचं भांडण असेल तर आणा, बायको माहेरी बसली असेल तर आणा. ज्यांचं काहीच भांडण उरलेलं नाही, त्यांनी मोठ्या कोर्टात जावं.

वकील न लावता स्वतःच उभं राहिलं तर? कायद्याची आडकाठी नाही. कुटुंब न्यायालयात तर १९८४ च्या कायद्याचं कलम १३ सांगतं, की वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नव्हे. परवानगी घ्यावी लागते. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, तेव्हा अर्जही मराठीत लिहिता येतो. अडतं ते मराठीवरच. घरात अहिराणी, बाजारात मराठी आणि कोर्टात तिसरीच: पुरशिस, रोजनामा, वकालतनामा, तिकीट (म्हणजे कोर्ट फीचं; एस.टी.चं नव्हे), नक्कल अर्ज, 'सबब विनंती की'. अर्जाला लग्नपत्रिका जोडायची असते. लग्नात पाचशे छापलेल्या पत्रिकांपैकी एकही कुणाच्या घरात सापडत नाही. शेवटी निघते ती नणंदेने नेम धरून जपून ठेवलेली.

अर्ज दाखल झाला, की सहा महिने थांबायचं. विचार बदलला तर बदलावा, म्हणून कायद्याने दिलेली मुदत. अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा सांगायचं, की होय, अजूनही आमचं तेच. फाल्गुनात अर्ज टाकला तर मधे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते आणि श्रावणात कानबाई देवी बसते. आखाजीला सगळ्या सासुरवाशिणी माहेरी झोक्यावर. ही तर वर्षभर माहेरीच, तिला झोक्यावर बसायलाही चोरी. कानबाईला भावकी एका छपराखाली जमते आणि रोट खाता खाता दोघांना पुन्हा एकत्र बसवायचा एक शेवटचा प्रयत्न होतो. कधीकधी तो साधतोही. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती काढून घेऊ शकतं, हेही त्याच सुरेश्टा देवी खटल्यात ठरलेलं आहे. म्हणून पक्के वकील ठरलेली रक्कम अर्धी पहिल्या तारखेला आणि अर्धी दुसऱ्या तारखेला, तीही डीडीने, अशी लिहून घेतात.

१२ सप्टेंबर २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाने हे सहा महिने माफ करायची मुभा न्यायालयांना दिली. अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत, पोटगी-मुलं सगळं मिटलेलं असावं, आणि थांबण्याने दोघांचा त्रासच वाढणार असावा. पहिल्या तारखेनंतर आठवड्याने माफीचा अर्ज करता येतो. त्याच निकालाने व्हिडिओवरून हजेरी आणि जवळच्या नातलगाकरवी बाजू मांडण्याचीही सोय सांगितली. सुरतेतल्या नवऱ्याचे दोन रोज वाचतात ते यात. पण माफी मागण्यासाठी वेगळा अर्ज, वेगळं शपथपत्र आणि बहुधा वेगळी फी. इंग्लंडने ६ एप्रिल २०२२ पासून दोषारोप न करता घटस्फोट सुरू केला, तर तिथे फी भरून घरबसल्या अर्ज करायचा आणि आधी वीस आठवडे, मग सहा आठवडे थांबायचं. त्या सव्वीस आठवड्यांचे आपलेच सहा महिने होतात. थांबायला लावायची हौस साहेबालाही आहे. फक्त तिथे मधे कानबाई येत नाही.

तारखेचा दिवस मात्र अगदी छोटा असतो. बोर्डावर नंबर, पट्टेवाल्याचा पुकारा, दोघं पुढे. न्यायाधीश विचारतात: सह्या तुमच्याच? कुणाचा दबाव? एकत्र राहायचा काही विचार? समेटाचा प्रयत्न करणं हे कलम २३ (२) ने न्यायाधीशाचं कर्तव्यच ठरवलं आहे, म्हणून हे विचारणं. दोघं एकदम "नाही" म्हणतात, आणि तिसऱ्या प्रश्नालाही तेच उत्तर आल्याने मागच्या बाकावरची आत्या डोळ्याला पदर लावते. बाहेर येऊन मामा मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप उघडतात, सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर टाकतात आणि निकाल लागलाय का, ते बघतात. अजून लागलेला नसतो. ते पुन्हा बघतात.

हुकूमनाम्याची नक्कल हातात पडली, की तिचं मोल कळू लागतं. लाडक्या बहिणीचे दीड हजार असोत की संजय गांधी निराधार योजना, 'घटस्फोटित' या रकान्यावर खूण केली की कारकून म्हणतो, ऑर्डर दाखवा. बाँड पुढे केला तर तो उलटसुलट करून परत देतो. रेशनकार्डातून नाव कमी करायचं, मुलाच्या शाळेत पालकाचं नाव, पासपोर्ट, जिकडेतिकडे हाच कागद. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही, तेव्हा पुढचं लग्नही लगेच करता येतं.

आणि ते करायचं असतंच. समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्यात घटस्फोटितांचा फॉर्म वेगळ्या रंगाचा असतो. बैठकीत बाँड आणायला माणूस पिटाळणारे तेच पंचाहत्तरीचे काका आता पुतण्याचा फॉर्म भरायला बसतात. नाव, शिक्षण, शेती, सुरतेतली नोकरी. 'अपेक्षा' या रकान्यापाशी चष्मा पुसतात आणि ठसठशीत अक्षरांत लिहितात: मुलगी घटस्फोटित चालेल, पण घटस्फोट कोर्टातला पाहिजे.